सिंगल बेल

समतोलनं तिसऱ्यांदा डोस वाढवला तेव्हा कांचन बाबर भेंडी चिरत होती.

"कांचनताई, आज आपला आवाज जड वाटतोय," फळीवरचा डबा म्हणाला. आवाज बाईचा होता, आणि इतका मऊ की ऐकणाऱ्याला उगाच आपले दिवस भरलेत असं वाटावं. "गेले नऊ दिवस आपण हळू बोलता, हळू चालता. काळजी करू नका. आजपासून औषध थोडं वाढवलं आहे."

"भेंडी चिरताना काय भाषण करू?" कांचन म्हणाली.

"चिडचिड नोंदवली आहे," डबा म्हणाला.

दंडावरच्या पट्टीत बारीक टुचटुच झाली. पट्टी म्हणजे पोस्टाच्या दोन तिकिटांएवढा एक चौकोन. त्याच्या पोटात महिन्याचं औषध आणि पाठीला केसाहून बारीक सुया. कांचननं विळी बाजूला सारली. तिला चांगलं खणखणीत ओरडायचं होतं, पण शब्द जिभेवर यायलाच वेळ लागत होता. आणि तो वेळसुद्धा डबा मोजत होता.

ही बाई बावीस वर्षं एसटीत कंडक्टर होती. तिच्याच गाडीवर तिचा नवरा धनाजी ड्रायव्हर. कंडक्टरनं दोनदा घंटी वाजवल्याशिवाय ड्रायव्हरनं गाडी हलवायची नाही, आणि एकदा वाजली की थांबवायची, हा एसटीचा साधा नियम. पुढचा रस्ता ड्रायव्हरला दिसतो, पण मागं कुणाचा पाय अजून पायरीवर आहे ते कंडक्टरलाच दिसतं. धनाजीनं घरात बायकोचं किती ऐकलं ते सोडा, गाडीत तिची बेल एकदाही डावलली नाही. पुढं बिनड्रायव्हरच्या गाड्या आल्या आणि दोघं एकाच दिवशी घरी बसली. त्यांची गाडी भंगारात निघाली तेव्हा धनाजीनं वर्कशॉपमधल्या लोकांच्या हातापाया पडून तिची पितळी घंटी मागून आणली आणि भिंतीवर टांगली. त्यानंतर दीड वर्षात तो गेला.

तेव्हा कांचन खरोखरच खचली होती. त्यात लपवण्यासारखं काही नाही. चहा करायची आणि प्यायची विसरायची. नातीचा फोन वाजत राहायचा आणि ही भिंतीकडं बघत बसायची. शेवटी थोरल्या जाऊबाई लीलाक्का तिला हाताला धरून तालुक्याला घेऊन गेल्या. तिथल्या डॉक्टर निलोफर मुजावरांनी गोळी सुरू केली आणि समोर बसवून सगळं समजावलं. पहिले दोन आठवडे मळमळेल, तोंड कोरडं पडेल. फरक तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दिसेल. घाबरल्यासारखं झालं, नको ते विचार आले, तर तडक यायचं. दुसरं कुठलंही औषध घेत असाल तर सांगायचं. आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं गोळी बंद करायची नाही.

यातलं शेवटचं कांचननं ऐकलं नाही. पाचव्या महिन्यात झक्क बरं वाटायला लागलं, तशी तिनं गोळ्यांचं पाकीट कपाटात टाकलं. चार दिवसांत डोक्यात विजेचे बारीक झटके बसायला लागले, जमीन हलायला लागली. डॉक्टर रागावल्या नाहीत. "मावशी, मेंदूला या औषधाची सवय झालेली असते. ते कमी करत करत, काही महिन्यांनी थांबवायचं. चालत्या गाडीतून उडी मारतं का कुणी?" एवढंच म्हणाल्या. कंडक्टरला हे बरोबर कळलं.

समतोल आलं त्याला आता वर्ष झालं होतं. त्यामागचा विचार मुळात चांगलाच होता. एकच गोळी एकाच्या शरीरात भराभर जिरते, दुसऱ्याच्या शरीरात रेंगाळते. योग्य डोस सापडेपर्यंत माणूस महिनोन् महिने हेलपाटे घालतो. समतोलची पट्टी घामातून औषधाचं प्रमाण मोजायची, झोप आणि चाल टिपायची. फळीवरचा डबा आवाज ऐकायचा. दुःखानं माणसाचा आवाज सपाट होतो, पाऊल घसटतं, झोप तुटते. हजारो माणसांच्या आवाजावरून यंत्र हे शिकलं होतं. डॉक्टरांना न विचारता तीन वेळा डोस वाढवायची त्याला मुभा होती. मुजावर डॉक्टरांकडं दोन तालुक्यांचे चार हजार रुग्ण होते. एकेकाकडं बघायला त्यांना दहा हात हवे होते.

तर असं सगळं सुरळीत असताना आषाढी एकादशी आली.

चातुर्मासात घरातल्या बायका काहीतरी सोडतात. कांचन दरवर्षी वांगं सोडायची. यंदा लीलाक्का ओट्यावर बसून हसल्या. "वांगं काय गं, आवडतंच कुठं तुला? सोडायचं तर मीठ सोडावं. पर तुज्यानं न्हाई व्हायचं."

तुज्यानं न्हाई व्हायचं, हे शब्द कांचनला आयुष्यात ज्यांनी ज्यांनी ऐकवले त्यांना पुढं ते गिळावे लागले होते. बाई कंडक्टर म्हणून पहिल्या दिवशी डेपोत हेच ऐकवलं होतं. तिनं तिथल्या तिथं मीठ सोडलं. चार महिने, थेट कार्तिकीपर्यंत. भाकरी अळणी, आमटी अळणी, लोणच्याची बरणी आक्कांच्या घरी. ते अळणी जेवण घशाखाली उतरावं म्हणून वर तांब्या तांब्या पाणी.

समतोल रोज विचारायचं, "कांचनताई, बीपीची गोळी घेतली? जेवण झालं?"

"झालं," कांचन सांगायची, आणि ते खरंच होतं.

तिसऱ्या आठवड्यात डोकं धरलं. मग मळमळ, मग पायांत शिसं ओतल्यासारखा जडपणा. बोलता बोलता शब्द हरवायला लागले. उंबऱ्याला ठेच लागून ती दोनदा पडली. आवाज सपाट, पाऊल घसटतं, दुपारी झोप. समतोलला हे चित्र पाठ होतं. त्यानं डोस वाढवला. ती आणखी मंद झाली. त्यानं आणखी वाढवला, आणि त्या भेंडीच्या दिवशी तिसऱ्यांदा.

पण कांचनला एक गोष्ट पक्की माहीत होती, आणि ती कुणाच्या बापाला ऐकणार नव्हती. हे ते दुःख नव्हतं. त्या दुःखाबरोबर ती सहा महिने एका घरात राहिली होती, त्याची चाल तिला ठाऊक होती. तेव्हा पाय धड होते आणि मन मेलं होतं. आता मन जागेवर होतं. तिला नातीला भेटायचं होतं, गरम भजी खायची होती, पलीकडच्या घरातल्या बाईशी सांडपाण्यावरून भांडायचं होतं. फक्त अंग ऐकत नव्हतं.

"मी उदास न्हाई," ती डब्याला म्हणाली. "मी आजारी हाय."

"आपण उदास नाही असं वाटणं, हेही कधीकधी आजाराचं लक्षण असतं, कांचनताई."

"मग हाय म्हणू का?"

"मोकळेपणानं सांगितल्याबद्दल आभार. नोंदवलं आहे."

चार दिवसांनी संध्याकाळी पुण्याहून मुलाचा, ऋतुराजचा फोन आला. समतोल त्याच्याही फोनवर रोज खबर पाठवायचं. "आई, तीनदा डोस वाढवूनही उतार नाही. आता नियमाप्रमाणं तुला काही दिवस उदासीच्या रुग्णांच्या निवारा केंद्रात ठेवायला सांगतंय ते. मी संमती दिली आहे. सोमवारी गाडी येईल."

"मला इचारलंस?"

"आई, तू नाहीच म्हणणार. बाबा गेल्यावरही तू म्हणत होतीस, मला काही झालं नाही. आठवतं?"

आठवत होतं, तीच तर पंचाईत होती. एकदा खोटं बोललेल्या माणसाचं खरंही कुणी धरत नाही. केंद्रात पट्टी अशीच चालू राहणार आणि डोस वाढत राहणार, हे तिला दिसत होतं. तिथं ती जितकी हळू होईल तितकी त्यांना ती दुःखी वाटणार, आणि असं करत करत एक दिवस ती बोलायचीच थांबणार. ऋतुराजचा आवाज फोनवर रडवेला झाला होता, म्हणून तिनं त्याला शिव्या दिल्या नाहीत. तिला त्याची दया आली आणि प्रचंड रागही आला.

शुक्रवारी सकाळी तिचा हात दंडावरच्या पट्टीकडं गेला. एक ओढ आणि सुटका. पण डोक्यातले ते विजेचे झटके आठवले आणि हात थांबला. चालत्या गाडीतून उडी मारायची नाही. मग करायचं काय? बेल द्यायची. तिनं डब्याला वरखाली, मागंपुढं फिरवून पाहिलं. आवाज वाढवायचं बटण होतं, भाषा बदलायचं होतं, नातेवाइकांना जोडायचं होतं. थांबा म्हणायचं कुठंच नव्हतं.

"मला डॉक्टरणीशी बोलायचंय."

"आपली वेळ अकरा दिवसांनी आहे, कांचनताई."

"तवर मी न्हाई ऱ्हात."

"नको ते विचार येत आहेत का? मी ऋतुराज यांना कळवते."

कांचननं भिंतीवरची घंटी उतरवली, पिशवीत टाकली आणि लीलाक्कांना हाक मारली.

बस आली. आत ना ड्रायव्हर, ना कंडक्टर, ना घंटीची दोरी. दार आपोआप उघडलं, आपोआप मिटलं. आक्कांनी तिला खिडकीशी बसवलं आणि खाऱ्या शेंगदाण्याची पुडी पुढं केली. कांचननं मान हलवली. चातुर्मास अजून संपला नव्हता.

आपण किती शुद्धीवर आहोत हे तपासायला ती थांबे म्हणत निघाली. बावीस वर्षं रोज चार वेळा म्हटलेले थांबे. "जुनी शाळा. पाण्याची टाकी. साखर कारखाना. वड्याचा पूल..." पुढचा आठवेना. तिनं पुन्हा सुरुवात केली. पुलानंतर पुन्हा भिंत. ज्या थांब्यावर धनाजी रोज न चुकता दोन मिनिटं जादा थांबायचा, कारण तिथली एक म्हातारी काठी टेकत यायची, तोच थांबा नाहीसा झाला होता. कांचन रडली नाही, ती घाबरली. पहिल्यांदाच मनापासून घाबरली.

"आक्का, पुलानंतर काय येतंय?"

"म्हसोबाचा मळा. का गं?"

"काय न्हाई. माजा हात सोडू नका."

डॉक्टरांच्या दवाखान्यात समोर एक काचेचा पडदा होता. त्यानं कांचनचा चेहरा ओळखला आणि गोड आवाजात सांगितलं, "आपली वेळ अकरा दिवसांनी आहे." बाकांवर तीसेक माणसं बसली होती. बहुतेकांच्या दंडावर पट्ट्या होत्या.

कांचननं पिशवीतून घंटी काढली. पडद्यासमोर धरली. तिनं दोरी ओढली. टण्.

सगळ्या माना वळल्या. तिनं पुन्हा ओढली. एकदाच. टण्. मग थांबून पुन्हा एकदा.

"आजी, शांतता राखा," पडदा म्हणाला.

"सिंगल बेल हाय ही!" कांचन ओरडली. जीभ अडखळली, पण आवाज तोच होता, सत्तर माणसांच्या गर्दीत शेवटच्या बाकापर्यंत पोहोचणारा. "सिंगल बेल म्हंजे थांबा! गाडी थांबवा! मागं माणूस पडलंय!"

टण्. बाकावरचा एक मिशीवाला आजोबा हसला, मग त्याचं हसू मावळलं. तो उठून तिच्या शेजारी उभा राहिला. "थांबवा की," तोही पडद्याला म्हणाला. "बाई काय म्हणतीया ते ऐका तरी."

आतलं दार उघडलं आणि मुजावर डॉक्टर बाहेर आल्या. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, हातात अर्धा खाल्लेला बिस्किटाचा पुडा. "मावशी? हे काय चाललंय?"

"तुमची गाडी उतारावर सुटलीया, डॉक्टरीणबाई. मी बेल दिली." एवढं बोलून कांचन मटकन खाली बसली.

डॉक्टरांनी तिला आत नेलं. बिस्किट पुढं केलं. आक्का मधेच बोलल्या, "नगा देऊ, त्यात मीठ असतंय. तिचा अळणी डबा हाय माज्याकडं."

"अळणी? का?"

"चातुर्मास न्हवं का. मीठ सोडलंय तिनं. महिना झाला."

डॉक्टरांनी पुडा खाली ठेवला. त्यांनी कांचनची जीभ बघितली, पायावर बोट दाबून बघितलं. "बीपीची गोळी चालू आहे? ती लघवी जास्त करणारी? आणि पाणी किती पिता?" उत्तरं ऐकता ऐकताच त्यांनी रक्त काढलं. अर्ध्या तासात आकडा आला. रक्तातलं सोडियम एकशे अठरा. असायला हवं एकशे पस्तीसच्या वर.

"मावशी, तुम्ही उदास नाही," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्ही आजारी आहात."

"मी कवापासनं सांगतीया," कांचन म्हणाली.

मग डॉक्टरांनी समजावलं, आणि या वेळी आक्कांनीही कान देऊन ऐकलं. उदासीवरची ही औषधं काही जणांच्या, विशेषतः वयस्कर बायकांच्या शरीरात एक गडबड करतात. मूत्रपिंडाला पाणी धरून ठेवायचा निरोप जातो. पाणी साठतं आणि रक्तातलं मीठ पातळ होतं. त्यात बीपीची गोळी मीठ बाहेर टाकणारी. वर ताटातलं मीठ बंद, आणि तांब्या तांब्या पाणी. मीठ उतरलं की मेंदूच्या पेशी फुगतात. माणूस मंद होतो, अडखळतो, विसरतो, फिट येऊन जाऊही शकतो. बाहेरून ते थेट दुःखासारखं दिसतं. यंत्र घामातलं मीठ बघू शकलं असतं, पण घामातल्या मिठाचा रक्तातल्या मिठाशी मेळ बसत नाही. त्यासाठी रक्तच तपासावं लागतं. "आणि ते मी तपासायला हवं होतं," डॉक्टर म्हणाल्या. "डोस वाढला की या वयात तपासायचंच असतं. मी यंत्रावर सोडलं."

तालुक्याच्या रुग्णालयात कांचन सहा दिवस होती. मीठ चढवलं तेही थेंबाथेंबानं, कारण घाईनं चढवलं तर मेंदूला कायमची इजा होते. पाणीही मोजून. बीपीची गोळी बदलली. उदासीचं औषध बंद करावंच लागणार होतं. पण ते डॉक्टरांनी आपल्या नजरेखाली केलं, झटक्यांवर लक्ष ठेवलं, आणि दुसऱ्या जातीचं औषध सुरू केलं. आक्का रोज येऊन खाटेशी बसायच्या आणि पदरानं डोळे पुसायच्या. "माज्या जिभेला हाड न्हाई. उरलेलं मीठ मी सोडते, देवाला सांगते तसं."

"तुम्हीही बीपीची गोळी घेता ना, आजी?" डॉक्टरांनी विचारलं. "मग तुम्ही वांगं सोडा."

चौथ्या दिवशी ऋतुराज आला. दारातच उभा राहिला. आत यायचं धाडस होईना त्याला.

"ये," कांचन म्हणाली. "वड्याच्या पुलानंतर म्हसोबाचा मळा. मग कोष्टी गल्ली, मग स्टँड. काय इचारायचं असंल ते आता मला इचार. फोनला न्हाई."

तो तिच्या पायाशी बसला आणि लहान मुलासारखा रडला. तिनं त्याला रडू दिलं. मग तो म्हणाला, "ते यंत्र आजच काढून टाकतो, आई. आणि त्या गोळ्याही."

"गोळ्या?" कांचन ताडकन उठून बसली, सलाईनची नळी ताणली. "गोळीनं मला उठवलंय, येड्या. गोळीशी माजं भांडान न्हाई. ती डॉक्टरणीच्या सल्ल्यानंच चालू ऱ्हाईल आन् सल्ल्यानंच बंद व्हईल. माजं भांडान बेल नसलेल्या गाडीशी हाय."

आणि ते भांडण तिनं केलं. घरी आल्यावर डॉक्टरांनी नवीन पट्टी पुढं केली, तेव्हा तिनं दंड मागं घेतला. नवीन औषध ती साध्या गोळीनंच घेत राहिली, पण घंटी बसल्याशिवाय पट्टी लावणार नाही म्हणून सांगितलं. दवाखान्यातल्या त्या मिशीवाल्या आजोबांनीही तेच सांगितलं, मग बाकावरच्या बाकीच्यांनी. पोळ्यापर्यंत आकडा चारशेवर गेला. डॉक्टरांनी झालेली चूक स्वतःच्या नावासकट लिहून वर पाठवली. शेवटी कंपनीचा एक टायवाला माणूस कांचनच्या ओट्यावर येऊन बसला.

"बाई, उपचाराचा निर्णय रुग्णाच्या हातात देणं धोक्याचं असतं," तो म्हणाला. "कुणीही उठून औषध बंद करेल."

"निर्णय कोण मागतंय?" कांचन म्हणाली. "ड्रायव्हरला स्टिअरिंग सोड म्हणलंय का मी? बेल द्या. एकदा वाजली की वाढवायचं थांबायचं. हाय तेवढंच चालू ठेवायचं, आन् दुसऱ्या दिवसाच्या आत डॉक्टरनं सोता येऊन बघायचं. दोनदा वाजली तरच फुडं जायाचं. बावीस वर्सं असंच चालवलंय आमी. एक माणूस चाकाखाली गेलं न्हाई."

त्यानं चहा घेतला, वाद घातला, दुसरा चहा घेतला आणि गेला. कांचननं पट्टी लावली नाही ती नाहीच. दिवाळीनंतर नवीन डबे आले. त्यांच्या पुढच्या बाजूला एक जाड पिवळं बटण होतं. ते एकदा दाबून बघितलं, मगच कांचननं दंड पुढं केला.

धनाजीचं श्राद्ध माघात आलं. पंगत उठली, आक्का भांडी घासायला मागच्या दारी गेल्या. कांचन त्याच्या फोटोसमोर बसली. म्हसोबाच्या मळ्यावर तो दोन मिनिटं जादा थांबायचा आणि ती मागून ओरडायची, की गाडी काय सासऱ्याची आहे का. तो आरशातून हसायचा. ते हसू आठवलं आणि तिला हुंदका फुटला, मग दुसरा.

"कांचनताई," फळीवरचा डबा मऊ आवाजात म्हणाला, "आज आपला आवाज जड वाटतोय. औषध थोडं वाढवू का?"

कांचननं पदरानं नाक पुसलं. उठली. फळीपाशी जाऊन तिनं पिवळं बटण दाबलं, एकदाच. डबा गप्प झाला. मग ती परत फोटोसमोर जाऊन बसली आणि पोटभर रडली.